मूकपटाचा उस्ताद

पाठपरिचय : पडद्यावर आवाज नव्हता त्या काळात मॅक्स लिंडर या फ्रेंच नटाने देशोदेशींच्या प्रेक्षकांना हसवले. ज्यांना चार्ली चॅप्लिन यांनी आपले गुरू मानले, तेच मॅक्स लिंडर पुढे विस्मरणात गेले. अखेर त्यांच्या मुलीने मोठ्या कष्टाने त्यांचे काम पुन्हा लोकांपुढे आणले. या कलावंताच्या जीवनाची आणि कलेची ओळख या पाठात करून दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक छोटासा प्रयोग करून पाहा. टीव्हीवर एखादा चित्रपट चालू असताना त्याचा आवाज अगदी बंद करा. माणसे बोलताना दिसतील, पण शब्द ऐकू येणार नाहीत. पाचच मिनिटांत तुम्ही कंटाळून जाल. नट रागावला आहे की घाबरला आहे, हे कळेल. पण कशामुळे, ते कळणार नाही. आता विचार करा, आवाजच नसलेला चित्रपट दाखवून समोरच्या हजारो माणसांना पोट धरून हसवायचे, हे काम किती कठीण असेल! शंभर वर्षांपूर्वी हे काम काही कलावंत रोज करत होते. त्यांतले एक मोठे नाव म्हणजे मॅक्स लिंडर.

चित्रपटाचा जन्म फ्रान्समध्ये झाला, असे म्हटले तर चूक होणार नाही. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस शहरात ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून लोकांना हलती चित्रे दाखवली. ही नवलाई लवकरच आपल्याकडेही आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. हे चित्रपट जेमतेम मिनिटभराचे असत. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, अशी साधी दृश्ये त्यांत असत. या चित्रपटांना आवाज नव्हता, म्हणून त्यांना मूकपट म्हणतात. पुढे मूकपटांतून गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. अडेल तिथे पडद्यावर एखादे वाक्य लिहून दाखवत. चित्रपटगृहात पडद्याजवळ बसून कोणी पियानो वाजवत असे. बाकी सारे काही नटाच्या चेहऱ्यावर, हातांवर आणि चालण्यावर अवलंबून असे.

मॅक्स लिंडर यांचा जन्म १६ डिसेंबर १८८३ रोजी फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या सँ-लुबेस या गावी झाला. त्यांचे खरे नाव गाब्रिएल लव्हिएल असे होते. घरी द्राक्षांचे मळे होते. घर सुखवस्तू होते. मुलाने पुढे मळ्यांचा कारभार पाहावा, अशी आईवडिलांची इच्छा होती. पण मुलाचे मन मळ्यात रमेना. त्याला नाटकाचे वेड लागले होते. बोर्दोच्या नाट्यविद्यालयात त्याने अभिनयाचे शिक्षण घेतले आणि तेथील रंगभूमीवर लहानमोठी कामे केली. मग नशीब काढण्यासाठी १९०४ साली तो पॅरिसला गेला.

पॅरिसने त्याचे स्वागत केले नाही. तेथील नामांकित नाट्यविद्यालयात प्रवेश मिळवण्याचा त्याने प्रयत्न केला, पण त्याला नकार मिळाला. दुसरा एखादा असता तर गावी परतला असता. घरी मळे होतेच. पण या तरुणाने हार मानली नाही. एका नाटक कंपनीत त्याला किरकोळ भूमिका मिळू लागल्या. तेवढ्यावर भागेना, म्हणून १९०५ पासून तो पाथे या चित्रपट कंपनीत काम करू लागला. दिवसा चित्रपट आणि रात्री नाटक, असा त्याचा दुहेरी दिनक्रम सुरू झाला.

त्या काळी नाटकवाले लोक चित्रपटाला नाक मुरडत असत. चित्रपट म्हणजे जत्रेतला खेळ, त्यात काम करणे हे चांगल्या नटाला शोभत नाही, अशी त्यांची समजूत होती. म्हणून या तरुणाने चित्रपटासाठी वेगळे नाव घेतले. ते नाव म्हणजे मॅक्स लिंडर. गंमत पाहा, जे नाव त्यांनी आपली ओळख लपवण्यासाठी घेतले, तेच नाव पुढे जगभर मशहूर झाले!

त्यांच्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी एकात त्यांनी शाळकरी मुलाचे काम केले होते. १९०७ साली ‘बर्फावरचा नवशिका’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा एक छोटा चित्रपट आला. त्यात एक नटूनथटून आलेला तरुण गोठलेल्या तळ्यावर घसरण्याचा खेळ खेळायला जातो. अंगात सुंदर कोट, डोक्यावर उंच रेशमी हॅट आणि पायांत घसरण्याचे जोडे! पण बर्फ श्रीमंत-गरीब ओळखत नाही. तो पडतो, उठतो आणि पुन्हा पडतो. याच चित्रपटात ‘मॅक्स’ या पात्राची पहिली झलक दिसली. पुढे दोनतीन वर्षांतच हा मॅक्स पाथे कंपनीचा सर्वांत लाडका विनोदी नायक झाला.

हा पडद्यावरचा मॅक्स होता तरी कसा? तो एक छानछोकी करणारा तरुण होता. कडक इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट, हातात काठी, ओठांवर बारीक मिशी आणि डोक्यावर तीच रेशमी हॅट. वागणे अगदी अदबशीर. स्त्रिया समोर आल्या की तो हॅट काढून लवून नमस्कार करी. त्याला एकच काळजी असे, ती म्हणजे आपली अब्रू सांभाळण्याची. आणि नेमकी त्याचीच दरवेळी फजिती होई.

त्या आधीचे विनोदी चित्रपट फार आरडाओरड्याचे असत. आवाज नसूनही आरडाओरडा, म्हणजे कसा? नट तोंडे वेडीवाकडी करत, एकमेकांच्या अंगावर पीठ फेकत, भांडी फोडत आणि शेवटी सगळे एकामागून एक पळत सुटत. लिंडर यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी चेहरा वाकडा केला नाही. संकट जेवढे मोठे, तेवढा मॅक्स शांत राहण्याचा प्रयत्न करी. जणू काही घडलेच नाही असे दाखवी. प्रेक्षकांना मात्र त्याच्या डोळ्यांतली घालमेल दिसे. भुवई थोडी वर जाई, हात हळूच गळ्याशी जाई, आणि तेवढ्यावर सारे चित्रपटगृह हसत सुटे. थोडे करून पुष्कळ सांगणे, ही त्यांची कला होती.

१९१० साली आलेल्या त्यांच्या एका चित्रपटाची गोष्ट ऐका. डॉक्टर मॅक्सला रोज टबात बसून स्नान करायला सांगतात. मॅक्स एक मोठा टब विकत घेतो आणि धडपडत घरी आणतो. पण त्याच्या खोलीत नळच नाही! नळ आहे बाहेर, सर्वांच्या ये-जा करण्याच्या जागेत. तो लहानशा भांड्याने पाणी आणून टबात ओतू लागतो. अशाने टब कधी भरायचा? शेवटी त्याला युक्ती सुचते. पाणी टबाकडे येत नसेल, तर टब पाण्याकडे न्यावा! तो टब ओढत नळाखाली नेतो आणि तिथेच निवांत स्नानाला बसतो. शेजारी येतात, तोंडात बोट घालतात, ओरडतात. पोलीस येतात आणि मॅक्सला टबासकट उचलून चौकीत घेऊन जातात. तिथून मॅक्स पळतो तो टब पाठीवर पालथा घेऊन, कासवासारखा!

मुलांनो, या गोष्टीत एकही संवाद नाही. पण मॅक्सची अडचण आपल्याला लगेच समजते. मुंबईच्या चाळीत किंवा मालेगाव-भिवंडीच्या एखाद्या गल्लीत सार्वजनिक नळावर ज्याने पाणी भरले आहे, त्याला तर ती फारच लवकर समजेल. म्हणूनच मूकपट कोणत्याही देशात चालत. त्यांना भाषेची भिंत आडवी येत नसे.

१९१० ते १९१४ हा लिंडर यांच्या वैभवाचा काळ होता. पाथे ही त्या वेळी जगातली सर्वांत मोठी चित्रपट कंपनी होती आणि तिचे चित्रपट खंडोखंडी जात. लिंडर यांचे लहान लहान चित्रपट एकामागून एक येत. आता कथा सुचवणे, अभिनय करणे आणि दिग्दर्शन करणे ही तिन्ही कामे ते स्वतःच करू लागले. १९११ साली मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी आजारातून बऱ्या होणाऱ्या मॅक्सवरच चित्रपट काढला आणि त्यात आपल्या घरच्या माणसांनाच कामे दिली! स्पेन, जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया अशा देशांत ते दौऱ्यावर गेले, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. केवळ एका नटाचे नाव वाचून लोक तिकीट काढतात, ही गोष्ट तेव्हा नवी होती. म्हणूनच त्यांना जगातल्या पहिल्या चित्रपट-ताऱ्यांपैकी एक मानतात.

पण सगळे दिवस सारखे नसतात. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. लिंडर यांनी सैन्यात काम केले. त्यांच्या मृत्यूची अफवाही एकदा पसरली होती. ते वाचले, पण युद्धाने त्यांची प्रकृती जी ढासळली, ती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. शरीराबरोबर त्यांच्या मनालाही इजा झाली होती. हसवणाऱ्या माणसाच्या मनात उदासीने घर केले.

याच काळात अमेरिकेत एक नवा तारा उगवला होता, चार्ली चॅप्लिन. चॅप्लिन १९१४ साली प्रथम पडद्यावर आले आणि बघता बघता प्रसिद्ध झाले. त्यांचा वेश तुम्हांला माहीत असेल. डोक्यावर जुनी हॅट, ओठांवर मिशी, हातात काठी, अंगात तंग कोट, ढगळ विजार आणि फाटके बूट. आता मॅक्सला त्याच्या शेजारी उभे करून पाहा. हॅट दोघांच्याही डोक्यावर, काठी दोघांच्याही हातात, मिशी दोघांनाही. एक श्रीमंत, तर दुसरा कफल्लक. पण अदब मात्र दोघांचीही सारखीच! चॅप्लिन यांनी लिंडर यांचे चित्रपट पाहिले होते आणि त्यांतून ते शिकले होते. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. स्वतःचे एक छायाचित्र लिंडर यांना भेट देताना त्यांनी त्यावर लिंडर यांना गुरू म्हटले आणि स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेतले.

उर्दूत आपण उस्ताद आणि शागिर्द म्हणतो, तेच हे नाते. या दोघांचे नाते समोरासमोर बसून शिकवण्याचे नव्हते. शागिर्दाने दूरून, पडद्यावर पाहून विद्या घेतली. पण घेतल्याची आठवण ठेवली. शिष्य गुरूच्या पुढे गेला, तर त्यात गुरूचा कमीपणा नसतो. मात्र पुढे गेलेल्या शिष्याने मागे वळून सलाम करावा, यात शिष्याचा मोठेपणा असतो.

चॅप्लिन एसने नावाची अमेरिकन कंपनी सोडून गेले, तेव्हा तिने त्यांच्या जागी लिंडर यांना बोलावले. आठवड्याला ५,००० डॉलर एवढा पगार ठरला. १९१६ च्या अखेरीस लिंडर अमेरिकेला गेले. बारा चित्रपट काढायचे ठरले होते. प्रत्यक्षात तीनच निघाले. अमेरिकेच्या प्रेक्षकांना आता चार्लीची सवय झाली होती. त्यात लिंडर आजारी पडले. करार मोडला आणि ते युरोपला परत आले. अमेरिकेच्या मुक्कामात चॅप्लिन यांच्याशी मात्र त्यांची घट्ट मैत्री जमली.

बरे झाल्यावर लिंडर यांनी पुन्हा कंबर कसली. ते दुसऱ्यांदा अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर तीन मोठे चित्रपट काढले. त्यांतला १९२१ चा ‘सात वर्षे दुर्दैवाची’ हा चित्रपट आजही रसिक आवडीने पाहतात. त्यातला आरशाचा प्रसंग तर अजोड आहे.

प्रसंग असा. मॅक्सच्या घरातला मोठा आरसा नोकरांच्या हातून फुटतो. मालक रागावेल, या भीतीने नोकर एक युक्ती करतो. मॅक्ससारखा दिसणारा आचारी मॅक्ससारखेच कपडे घालून रिकाम्या चौकटीच्या मागे उभा राहतो. मॅक्स दाढी करायला येतो. तो हात वर करतो, समोरचा ‘मॅक्स’ही हात वर करतो. तो गाल पुसतो, समोरचाही पुसतो. मॅक्सला शंका येते. तो अचानक वळतो, वाकतो, वेडेवाकडे हावभाव करतो. समोरचा प्रत्येक हालचालीची हुबेहूब नक्कल करतो. शेवटी लबाडी उघडी पडते. मॅक्स क्षणभर दूर जातो, तेवढ्यात तिथे खराखुरा नवा आरसा बसवला जातो. मॅक्स परत येतो आणि अजून तोच नोकर समोर उभा आहे असे समजून रागाने बूट फेकून मारतो. खळ्ळकन नवा आरसा फुटतो!

आरसा फुटला की सात वर्षे दुर्दैव पाठीस लागते, असा त्यांच्याकडचा एक खुळा समज आहे. मॅक्स त्यावर विश्वास ठेवतो. आपल्यावर संकट येऊ नये म्हणून तो इतका जपून वागतो की, त्या जपण्यामुळेच तो संकटात सापडत जातो. म्हणजे दुर्दैव आरशाच्या काचेत नव्हते, ते मॅक्सच्या भित्र्या मनात होते. लिंडर यांनी उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता अंधश्रद्धेची टर उडवली आहे.

आरशाच्या या प्रसंगामागे किती तालीम असेल, याची कल्पना करा. दोन माणसांनी पापणीसुद्धा एकाच वेळी हलवायची! प्रेक्षकांना जे सहज वाटते, त्यामागे कलावंताची अपार मेहनत असते. याच जातीचा आरशाचा प्रसंग पुढे १९३३ साली अमेरिकेच्या मार्क्स बंधूंनी आपल्या ‘डक सूप’ या बोलपटात केला आणि तोही गाजला. त्यानंतर अनेक देशांतल्या विनोदी नटांनी ही कल्पना वापरली. त्यांतल्या कितीजणांना लिंडर यांचे नाव ठाऊक असेल?

अमेरिकेतील चित्रपटांना मिळालेल्या यशाने लिंडर यांचे समाधान झाले नाही. ते फ्रान्सला परतले. १९२३ साली त्यांनी विवाह केला. १९२४ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मोद. पण त्यांच्या मनाचा आजार आता फार बळावला होता. ऑक्टोबर १९२५ च्या अखेरीस त्यांनी आपले जीवन स्वतःच संपवले. त्यांच्या तरुण पत्नीचाही त्यांच्याबरोबरच अंत झाला. त्यांची कला कितीही मोठी असली, तरी या शेवटाचे कौतुक करता येणार नाही. त्याचे दुःखच करावे लागेल. शरीराच्या आजारासारखाच मनाचाही आजार असतो आणि त्यावरही उपचार असतात. मन फार उदास झाले तर ते लपवू नये. आईवडील, शिक्षक, डॉक्टर यांच्यापैकी कोणाजवळ तरी ते उघड करावे. लिंडर यांच्या काळी हे ज्ञान कमी होते. आज ते आहे.

मोद तेव्हा अवघ्या सोळा महिन्यांची होती. ती आजीच्या घरी वाढली. इकडे जगही बदलत होते. काही वर्षांतच बोलपट आले आणि मूकपट अडगळीत पडले. जुन्या चित्रपटांच्या फिती फार नाजूक असत. त्या चटकन पेट घेत, आणि नीट जपल्या नाहीत तर कुजून त्यांची भुकटी होई. कित्येक फिती त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या. आपल्याकडेही तेच झाले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा काही भागच आज उरला आहे. १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट तर पूर्णच हरवला आहे. त्यातली गाणी ज्यांनी चित्रपटगृहात ऐकली, ते लोकही आता जवळजवळ राहिले नाहीत. लिंडर यांचे शेकडो चित्रपट असेच काळाच्या पोटात गेले.

मोद मोठी झाल्यावर तिने आपल्या वडिलांना प्रथम पाहिले, ते पडद्यावर. ज्यांचा चेहरा तिला आठवतही नव्हता, ते वडील तिच्यासमोर चालत होते, हॅट काढून नमस्कार करत होते, सगळ्यांना हसवत होते. मग मोद यांनी एकच ध्यास घेतला. वडिलांचे चित्रपट जिथे मिळतील तिथून शोधून काढायचे. देशोदेशी पडून राहिलेल्या फिती त्यांनी मिळवल्या, दुरुस्त करवून घेतल्या. १९६३ साली वडिलांच्या तीन मोठ्या चित्रपटांतील निवडक भाग जोडून त्यांनी एक चित्रपट तयार केला. १९८३ साली ‘रेशमी हॅटवाला माणूस’ या नावाचा माहितीपट काढला. १९९२ साली वडिलांवर पुस्तक लिहिले. वडिलांचा शेवट त्यांना ठाऊक होता आणि त्या शेवटाने त्यांची आईही हिरावून नेली होती. तरीही वडिलांनी जगाला दिलेले हसू त्यांनी वाया जाऊ दिले नाही. २०१७ साली मोद यांचे निधन झाले, तोवर मॅक्स लिंडर हे नाव पुन्हा चित्रपटाच्या इतिहासात आपल्या जागी हजर झाले होते.

पॅरिसमध्ये मॅक्स लिंडर यांच्या नावाचे एक चित्रपटगृह आहे. ते त्यांच्या वैभवाच्या काळात सुरू झाले. दगडविटांच्या इमारतीवर नाव कोरलेले असले, तरी तेवढ्याने कलावंत जिवंत राहत नाही. त्याचे काम कोणीतरी जपावे लागते. चॅप्लिन यांनी गुरूचे ऋण बोलून दाखवले आणि मोद यांनी वडिलांचे काम शोधून जपले. म्हणून आज, इतक्या वर्षांनंतर, तो रेशमी हॅटवाला तरुण पुन्हा एकदा टब ओढत नळाखाली नेतो, आणि भाषा न समजताही आपण खळखळून हसतो.

शब्दार्थ

मूकपट – आवाज नसलेला चित्रपट
बोलपट – संवाद ऐकू येणारा चित्रपट
विस्मरण – विसर पडणे
नवलाई – नवी आणि आश्चर्याची गोष्ट
सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी
किरकोळ – लहानसहान
छानछोकी – थाटामाटाची आवड
अदबशीर – नम्र, सभ्य
घालमेल – मनाची अस्वस्थता
कफल्लक – ज्याच्याजवळ काहीच नाही असा
अजोड – ज्याला तोड नाही असे
अडगळ – न लागणाऱ्या जुन्या वस्तूंचा पसारा
ध्यास – एखाद्या गोष्टीची सतत ओढ
ऋण – उपकार, कर्ज

वाक्प्रचार

पोट धरून हसणे – खूप हसणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
तोंडात बोट घालणे – आश्चर्यचकित होणे
डोक्यावर घेणे – फार कौतुक करणे
कंबर कसणे – जिद्दीने तयार होणे
टर उडवणे – चेष्टा करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॅक्स लिंडर यांचे खरे नाव काय होते?
(आ) मुंबईत ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ कोणत्या हॉटेलात झाला?
(इ) नोकराने फुटलेल्या आरशामागे कोणाला उभे केले?
(ई) मोद यांनी आपल्या वडिलांना प्रथम कोठे पाहिले?

प्र. २. कारणे द्या.
(अ) लिंडर यांनी चित्रपटासाठी वेगळे नाव घेतले.
(आ) मॅक्सने टब नळाखाली नेला.
(इ) मूकपट कोणत्याही देशात चालत.
(ई) मॅक्सने नव्या आरशावर बूट फेकला.

प्र. ३. चारपाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिंडर यांचा विनोद आधीच्या विनोदी चित्रपटांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा होता?
(आ) मॅक्स आणि चार्ली यांच्या वेशातील साम्य आणि फरक सांगा.
(इ) ‘दुर्दैव आरशाच्या काचेत नव्हते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
(ई) वडिलांच्या शेवटाचे दुःख असूनही मोद यांनी त्यांचे काम का जपले असेल? तुमचे मत लिहा.

प्र. ४. भाषाभ्यास
(अ) फजिती, हुबेहूब, इजा, अफवा, हजर, मेहनत हे पाठातील शब्द तुमच्या ओळखीचे वाटतील. त्यांची उर्दू रूपे शोधा आणि उच्चारात काय बदल झाला आहे ते सांगा.
(आ) ‘तालीम’ या शब्दाचा उर्दूतील अर्थ आणि पाठातील अर्थ यांत काय फरक आहे?
(इ) आदर दाखवण्यासाठी मराठीत अनेकवचन वापरतात. उदा. तो पॅरिसला गेला. – ते पॅरिसला गेले. याप्रमाणे पुढील वाक्ये बदला.
(१) त्याने हार मानली नाही. (२) तो आजारी पडला. (३) तिने फिती शोधल्या.

उपक्रम : वर्गात दोन-दोन मुलांच्या जोड्या करा. एकाने आरशासमोरचा माणूस व्हावे आणि दुसऱ्याने आरशातले प्रतिबिंब. एकही शब्द न बोलता एक मिनिट अभिनय करा. नंतर आपला अनुभव पाच वाक्यांत लिहा.